मिशरीवर एक काळा चहा

माझ्या तोंडाच्या कॅन्सरला आता पुष्कळ वर्षं झाली. डावा गाल अजून आत ओढलेला आहे, म्हणून फोटो काढताना मी नेहमी उजवी बाजू पुढं करते. आसपासच्या गावांत कुणाच्या तोंडात काही निघालं की माणसं घर विचारत आमच्याकडं येतात. पाणी पितात, जरा वेळ पिकापाण्याचं बोलतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "बाई, तुम्ही काय खाल्लं म्हणून बऱ्या झालात?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आणि काय खाल्लं म्हणून झाला होता?" दवाखान्यात किती लवकर गेलात, हे विचारणारं माणूस मला विरळाच भेटलं.

हल्ली माझा भाचा मोबाईलवर हिरव्या चहाची, हळदीची, डाळिंबाची चित्रं पाठवतो. अमुक पान खा, तमुक फळ खा, कॅन्सर फिरकणार नाही. त्याची माया कळते मला. तरी ते वाचलं की आधी डोकं फिरतं आणि मग रडू येतं. असंच एक कात्रण त्या काळी आमच्या घरात आलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या भरवशावर माझ्या थोरल्या जाऊबाई बसून राहिल्या आणि गेल्या. आमचं दोघींचं दुखणं एक, घर एक, चूल एक. मी राहिले, त्या गेल्या. हे कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे. औषधांची नावं यात नाहीत; ती मला तेव्हाही पाठ झाली नाहीत.

उष्णता

ढोकीच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात आमचं गाव. मी गावातल्याच शाळेत शिक्षिका. आमचे हे कारखान्यात चिटबॉय, म्हणजे कुणाच्या रानात ऊस किती, लागण कधीची, तोड कधी द्यायची, याची नोंद घेत सायकलवर हिंडणारे. घरात आमची दोन पोरं आणि माझ्या जाऊबाई, आक्का. थोरले भावजी तरुणपणीच गेले, तेव्हापासून आक्का आणि त्यांची मंदा आमच्यातच. आक्का कानडी मुलखाला लागून असलेल्या मुरुमच्या. बोलताना मध्येच "यव्वा" निघायचं, आणि राग आला की सगळी कानडीच. घर त्यांनीच चालवलं, म्हणून तर मी हातात छत्री घेऊन शाळेत मिरवायला मोकळी होते.

दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी मागच्या दारात बसायचो. आक्का तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून, चुरून मिशरी करायच्या. ती बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर फिरवत बसायचं. डोकं हलकं व्हायचं आणि बायकांना दोन शब्द बोलायला सवड मिळायची. सासर, माहेर, कोण मेलं, कुणाची सोयरीक मोडली, सगळं त्या वेळेतच कळायचं. गल्लीतल्या बहुतेक बाया लावायच्या. तंबाखू मळून खाणाऱ्या पुरुषांना आम्ही नावं ठेवायचो, तीही बोट तोंडात घालून. मिशरी म्हणजे तंबाखू हे आमच्या कुणाच्या मनातच नव्हतं. ती दातांची वस्तू होती, राखुंडीसारखी.

मग माझ्या डाव्या गालाला आतून एक चट्टा उठला. तिखट झोंबायला लागलं. सगळ्या गल्लीचं एकमत झालं: उष्णता. आणि उष्णता कशानं? तर चहानं. मला शाळेत दोन आणि घरी तीन कप लागायचे, त्यामुळे आरोपी आयताच सापडला. चहा बंद झाला. सब्जा झाला, गुलकंद झाला, ताक झालं. गावातल्या डॉक्टरांच्या पिवळ्या गोळ्या झाल्या, त्यानं लघवी तेवढी पिवळी झाली. चट्ट्याची जखम झाली. ती झोंबू नये म्हणून मी मिशरी जास्त लावायला लागले, कारण तिनं गाल बधिर व्हायचा.

एकदा पाढे म्हणून घेताना पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडात गोळी हाय का?" माझे शब्द एका बाजूनं पडत होते, ते तिला आधी कळलं. त्याच आठवड्यात ह्यांनी मला सोलापूरला नेलं.

डॉक्टरांचा प्रश्न

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. बॅटरी लावून त्यांनी बराच वेळ आत बघितलं.

"तंबाखू खाता?"

"नाही," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"पान, सुपारी?"

"सणावारी."

"मिशरी?"

"लावते की. दातांसाठी."

त्यांनी बॅटरी विझवली. "बाई, तुम्ही मुलांना शिकवता. मिशरी कशाची करतात?"

आक्कांच्या तव्यावर काळी होणारी तंबाखू डोळ्यांपुढं आली. एवढं शिकून, एवढी प्रार्थना-पाढे शिकवून, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल ऐकायला पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. हे बाहेर आले, शेजारी बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "चहा घ्यायचा का?"

कितीतरी महिने ज्या बायकोला घरात चहाचा वास घेऊ दिला नव्हता, तिला नवरा चहा विचारतो, तेव्हाच मला समजलं. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. गाल पेटला होता, पण मी कप खाली ठेवला नाही. ह्यांचा चहा तसाच गार झाला. मी म्हटलं, "पोरं?" ते म्हणाले, "आक्का हायत." त्या वेळी तेवढाच आधार होता, आणि तो खरा होता.

शेक

आमच्याकडं कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचाराला शेक म्हणतात. आधी दात काढले. मग गालावर जांभळ्या शाईच्या रेघा मारल्या आणि त्या पुसायच्या नाहीत, तोंड धुवायचं नाही, असं बजावलं. जन्मभर मुलांची तोंडं आणि नखं तपासणारी बाई रेघोट्या मारलेलं तोंड घेऊन वॉर्डात हिंडायला लागली. एका खोलीत मला झोपवायचे, हलायचं नाही म्हणायचे, आणि सगळे बाहेर जाऊन जाड दार लावून घ्यायचे. दुखत काही नसे. पण सगळी शहाणीसुरती माणसं ज्या खोलीतून पळून जातात, तिथं मी एकटी का, हे मनातून जात नसे. भीती म्हणतात ती मला त्या दाराच्या आवाजात भेटली.

पुढं पुढं तोंड आतून भाजून निघालं. थुंकी आटली. जीभ टाळ्याला चिकटायची. चव गेली, दूध आणि पाणी यांतला फरक घट्टपणावरून ओळखायचा. आई सोबतीला होती. ती धर्मशाळेत स्टोव्हवर भाताची पेज करायची, गाळायची आणि मी गिळेपर्यंत दुसरीकडं बघत राहायची.

शेजारच्या खाटेवर तामलवाडीच्या गोदाबाई होत्या. मेंढरं राखणारं घर त्यांचं. कॅन्सरनं त्यांची अन्ननलिका धरली होती. एकदा मला म्हणाल्या, "बाई, म्या मिशरीला कदी बोट लावलं न्हाय. रानात मेंढरामागं हिंडताना पाथर, घोळ, कुर्डू, दिसल ती भाजी खाल्ली. मंग मला का व्हावं?" मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, कधी कधी आम्हालाही कळत नाही. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकून मला राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. गोदाबाई शेक पुरा व्हायच्या आतच गेल्या. त्यांचं लुगडं खिडकीच्या गजाला वाळत होतं, ते घ्यायला त्यांचा मुलगा परत आला.

सुखाच्या गोष्टीही होत्या. एक केरळची नर्स होती, तिचं मराठी माझ्या पहिलीतल्या मुलांपेक्षा कच्चं होतं. ती "बाई, तोंड उगडा" म्हणायची आणि मी तिला "उघडा" म्हणून दाखवायची. रोज एक शब्द तिला शिकवला. तेवढा वेळ मी पेशंट नसायची.

कात्रण

गळिताचा हंगाम चालू होता, ह्यांना रजा नव्हती. सुट्टीच्या दिवशी एसटीनं यायचे. एका रविवारी आले ते खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढतच. कारखान्याच्या ऑफिसात पुरवणी आली होती, ती त्यांनी साहेबांना विचारून कापली होती. खाटेशी उभं राहून त्यांनी ते मला वाचून दाखवलं. चहाच्या पानांत, हिरव्या पालेभाज्यांत, गाजरात, लसणात, आवळ्यात असे काही घटक असतात, की ते शरीरात कॅन्सरला मूळ धरू देत नसावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. "नसावेत" आणि "अंदाज" हे दोन शब्द त्यांनी भरभर वाचले. मी शिक्षिका आहे, मुलं कुठं घाई करतात ते मला लगेच कळतं.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा ह्यांनी कात्रण त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही, सगळं वाचलं.

"यात तथ्य आहे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं भाजी-फळं खाणाऱ्या माणसाला धोका थोडा कमी असतो, असं दिसतंय. तुमच्या भागात बाहत्तरला दुष्काळ होता. त्या वर्षांत हिरवं तोंडाला लागलं नसेल, त्यानंही शरीर कमजोर पडलं असेल. चहाचं अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. फक्त उकळता पिऊ नका. पण हे सगळं आधी करायचं असतं. झालेला कॅन्सर पाल्यानं जात नाही. आणि एकीकडं तंबाखू चालू ठेवून दुसरीकडं भाजी खाल्ली, तर तिचा काही उपयोग नाही."

मी सगळं ऐकलं. ह्यांनीही सगळं ऐकलं. पण त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी ते सांगितलं, ते अर्धंच. मला आक्कांनीच नंतर सांगितलं: "भावजी म्हनले, डाक्टर म्हंत्यात, दुष्काळात हिरवं मिळालं न्हाय म्हनून झालं." दमून आलेला माणूस, घरात रडणारी दोन पोरं आणि तोंडाकडं बघत बसलेली वहिनी. त्यातलं जे सांगायला सोपं होतं ते त्यांनी सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. त्या वेळी मात्र दिला होता.

वाफा

घरी परतले तर मागचं अंगण ओळखू येईना. मोरीचं पाणी वळवून ह्यांनी आणि आक्कांनी वाफे केले होते. पालक, मेथी, शेपू, करडई. त्या साली पाऊस पुन्हा रुसलेला, हापशावर घागरींची रांग, आणि आमच्याकडं आंघोळीच्या पाण्यावर हिरवंगार. आक्कांनी मला हाताला धरून वाफ्यापाशी नेलं.

"बग, शके. सगळं तुज्यासाठी हाय. आता कसं हुतंय बगू."

आणि मला त्यातलं एक पानही चावता येत नव्हतं. मेथीचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. आक्का पालक शिजवायच्या, घोटायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या आणि गार करून चमच्यानं पाजायच्या. माझी पोरं समोर बसून बघायची. एकदा अर्धं बाहेर सांडलं आणि मी वैतागून वाटी ढकलली. आक्कांनी निमूट जमीन पुसली आणि पुन्हा गाळायला बसल्या. माझ्या आईनंही माझं एवढं केलं नसेल. हे आईसमोर म्हटलं होतं, ती म्हणाली, खरं आहे.

बोलायला यायला लागल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मिशरीचं डबडं उकिरड्यावर फेकलं. आक्कांना डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं, अर्धवट नाही, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय, सोडते."

सोडली नाही. माझ्यासमोर लावत नव्हत्या, एवढंच. आणि त्यांनी आपला एक हिशेब बसवला होता. मंदानं तो मला सांगितला. कात्रणात चहाच्या पानाचं नाव पहिलं होतं ना? मग मिशरी लावली की वर बिनदुधाचा काळा चहा घ्यायचा. तंबाखूनं जे होईल ते चहानं धुऊन जाईल. जेवणात मूठभर करडईची भाजी, म्हणजे काळजीच नको. गल्लीतल्या बायांनाही त्या तसंच सांगायला लागल्या, आणि बाया आमच्या वाफ्यातली भाजी न्यायला यायच्या. मिशरी कुणीच सोडली नाही. उलट, आता उतारा मिळाल्यासारखं सगळ्यांचं मन मोकळं झालं होतं.

मी भांडले. "आक्का, ही काय विंचवाची गोळी हाय का, चावला की घ्यायची?"

"तू शिकलेली हायस," त्या म्हणायच्या. "पर पेपरात काय खोटं लिवत्यात का?"

पेपरात खोटं लिहिलेलं नव्हतं, तीच तर अडचण होती.

आक्कांचं तोंड

मला आधी वास आला. वॉर्डात राहिलेल्या माणसाला तो वास चुकत नाही. आक्का वाकून मला पोळी वाढत होत्या आणि तो वास आला. माझा घास तसाच राहिला.

"आक्का, तोंड उघडा बगू."

"का म्हनून? बाजारात आनलेला बैल हाय का म्या, दात बगायला?"

त्या हसल्या, पण एका बाजूनं. मी हात धरला, त्यांनी झटकला. मग किती महिने तेच. मी म्हणायची दवाखाना, त्या म्हणायच्या मंदाचं लग्न. मंदाचं लग्न झालं, मग म्हणाल्या हिचं पहिलं बाळंतपण. काळा चहा वाढला. भाकरी दुधात भिजवून खायला लागल्या आणि म्हणाल्या, दात हलत्यात. मी ह्यांच्यावर तोंड टाकलं, शाळेतल्या मुलांसमोर कधी काढला नसेल असा आवाज काढला. "ते कात्रण तुमी आणलं! अर्धं सांगितलं! आता पुरतं सांगा त्यांना!" ते म्हणाले, "म्या चांगल्यासाठीच वाचलं हुतं, शकू." आणि वाफ्याकडं जाऊन उभे राहिले. आमच्यात नंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं. पोरं आमच्या दोघांच्या मध्ये बसून जेवायची.

शेवटी एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी चिडले नाही, थकले होते. म्हटलं, "आक्का, तुमी माझं सगळं केलं. तोंडातलं पुसलं, अंथरूण धुतलं. मी तुमचं तोंड बघितलं तर काय होतंय?"

त्यांनी पदर सारखा केला. मग खाली बघत म्हणाल्या, "बगून काय करशील? तू म्हनशील मिशरीनं झालं. मंग तुजंबी मिशरीनंच झालं म्हनायचं."

"व्हय. डॉक्टर तेच म्हणतात."

"मंग तुला मिशरी दिली कुनी?"

तेव्हा मला आठवलं. बाहत्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते, शाळेतली नोकरी अजून लागायची होती. आम्ही दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि गुळाचा काळा चहा, त्यावर दिवस काढायचा. पोटात कळ यायची. एका दिवशी मी हातोडा टाकून रडत बसले, तेव्हा आक्कांनी कनवटीची पुडी सोडून माझ्या तळव्यावर चिमूट ठेवली होती. "लाव," म्हणाल्या होत्या, "भूक मरती." मी ते विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. सोलापूरहून मी घरी आल्यापासून त्यांनी ते एकटीनं मनात धरून ठेवलं होतं.

म्हणून त्यांना ते कात्रण हवं होतं. दुष्काळानं झालं, हिरवं न मिळाल्यानं झालं, असं असेल तर ती चिमूट निर्दोष होती. मिशरी सोडली असती, तर मिशरी वाईट हे कबूल करावं लागलं असतं. मी इतके महिने त्यांना अडाणी, हट्टी म्हणत होते. त्या हट्टी नव्हत्या. माझं दुखणं आपल्याच हातानं आलं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मी त्यांना जवळ घेतलं. त्यांनी तोंड उघडलं. आत बघून मी डोळे मिटले.

सोलापूरला तेच डॉक्टर होते. त्यांनी मला ओळखलं, माझा गाल बघून खूश झाले, आणि मग बॅटरी लावून आक्कांचं तोंड बघितलं. बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही आलात तेव्हा यांना आणलं असतं, तर." दुखणं कमी व्हावं म्हणून थोडा शेक दिला. परत येताना एसटीत आक्का खिडकीपाशी बसल्या होत्या, पदर तोंडाला धरून. तुळजापूरच्या स्टँडवर कुणी पेरू विकायला आलं. त्यांनी खुणेनं पोरांसाठी घ्यायला सांगितलं.

शेवटच्या दिवसांत मंदा सासरहून आली होती. तान्हं मूल घेऊन उंबऱ्याशी बसायची. आक्कांना आता घोटभर पाणीही जड होतं. पालकाचं पाणी मी चमच्यानं लावायची, ते ओठातून परत यायचं. मी पुसायची. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. शब्द नीट येत नव्हते, मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"खरं सांग. तुला कशानं झालं?"

मी लगेच म्हटलं, "दुष्काळानं, आक्का. डॉक्टरच म्हणाले होते की. हिरवं मिळालं न्हाय ना तवा. तुमचा काय संबंध?"

"तुज्या गळ्याची आन?"

"माझ्या गळ्याची आन."

"मंग बरं," त्या म्हणाल्या. हात सुटला. त्या दिवशी पहिल्यांदा त्या कण्हल्याशिवाय झोपल्या. चार दिवसांनी गेल्या.

आक्कांचा जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. मी स्वयंपाकघरात गेले तर चुलीवर बिनदुधाचा चहा उकळत होता आणि मंदा एका हातानं मुलाला धरून दुसऱ्या हाताचं बोट दातांवर फिरवत होती. मला बघून तिनं बोट पदरात पुसलं.

"सासरी सगळ्याच लावत्यात, काकू," ती म्हणाली. "आन् म्या वर काळा चहा घेते की. भाजीबी रोज खाते."

मी चुलीपाशी खाली बसले. "भाजी खा. जन्मभर खा. मिशरी सोड. तुझी आई मिशरीनं गेली आणि मलाही मिशरीनंच झालं होतं."

तिनं मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पर तुमीच आईला म्हनलात, दुष्काळानं. गळ्याची आन घातलीत. म्या ऐकलंय."

"खोटी घातली."

"कशापायी?"

"तिला ते ऐकून जायचं होतं, मंदे. तुला राहायचंय. तुझ्याशी मी खोटं बोलणार न्हाय. उघड तोंड."

ती रडायला लागली. मूलही रडायला लागलं. रडत रडतच तिनं तोंड उघडलं. मी तिची हनुवटी धरून दाराच्या उजेडाकडं वळवली, दोन्ही गाल बोटानं ओढून बघितले, जिभेखाली बघितलं. आत सगळं गुलाबी होतं, ओलं होतं, कुठं साधा चट्टासुद्धा नव्हता. आक्का गेल्या तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते तोंड बघून आलं.